अंगणवाडीतल्या मुलांची मोजमापं घ्यायला निघण्याआधी

सगळ्यात आधी जन्मतारीख. काटे, फॉर्म, गाडी, परवानगीची पत्रं हे सगळं त्यानंतर. प्रत्येक मुलाची जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष अशी पूर्ण हवी. ती कागद डोळ्यांनी बघून लिहायची, आणि तो कागद कोणता होता हे शेजारच्या रकान्यात नोंदवायचं. वय विचारायचं नाही. मागच्या वेळी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बेसलाइन (पोषण कार्यक्रम सुरू होण्याआधीची पहिली मोजणी) घेताना आमच्या फॉर्मवर ‘वय (महिने)’ एवढाच रकाना होता. आई सांगेल ते वय आम्ही लिहिलं. एंडलाइनला, म्हणजे कार्यक्रमानंतरच्या मोजणीत, तीच मुलं पुन्हा मोजली, तेव्हा दोन फेऱ्यांतली वयं एकमेकांशी जुळेनात आणि उंचीचा सगळा निष्कर्ष बाजूला ठेवावा लागला. मुलं मोजली होती, आया दिवसभर कडेवर पोर घेऊन थांबल्या होत्या, आणि त्यांना सांगण्यासारखं आमच्याकडे अर्धंच उरलं. म्हणून ही यादी.

एक महिन्याच्या फरकाने काय होतं, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते उघडा. १२ महिन्यांच्या मुलग्याची मध्यम लांबी ७५.७ सेंटिमीटर आहे आणि १३ महिन्यांच्या मुलग्याची ७६.९. त्या वयात एक प्रमाण विचलन (मुलं मध्यम आकड्याच्या वर-खाली किती पसरलेली असतात त्याचं माप) जेमतेम २.४ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे एका महिन्याच्या चुकीने मूल अर्धं विचलन वर किंवा खाली सरकतं. मध्यम लांबीपेक्षा दोन विचलनांहून जास्त खाली असलेलं मूल बुटकं धरतात. ७२ सेंटिमीटर लांबीचा मुलगा १२ महिन्यांचा धरला तर बुटका ठरत नाही. तोच १४ महिन्यांचा धरला तर ठरतो. मूल तेच, फूटपट्टी तीच. शिवाय चुका दोन्ही बाजूंना सारख्या झाल्या तरी त्या एकमेकींना खोडत नाहीत. आकडे पसरतात आणि तीव्र बुटक्यांचा गट उगाच फुगतो. वयानुसार वजनाचंही तसंच. वाचतात फक्त उंचीनुसार वजन आणि दंडघेर (दंडाचा घेर), कारण त्यांना महिन्यांचा हिशेब लागत नाही. आमचं जे अर्धं उरलं ते हेच.

आता तारीख मिळवायची कशी. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड किंवा जन्मदाखला असेल तर उत्तम. नसेल तर माता-बाल संरक्षण कार्ड मागा, आणि त्यावरची तारीख नुसती उतरवू नका, लसींच्या तारखांशी ताडून बघा. जन्मतःची बीसीजी कधी टोचली, पेंटा या पाच रोगांवरच्या एकत्र लशीचा पहिला डोस कधी. पेंटा सहा आठवड्यांआधी देत नाहीत आणि गोवर-रुबेला नऊ महिन्यांआधी देत नाहीत. लेखी तारखेप्रमाणे मूल गोवराच्या लशीच्या दिवशी सात महिन्यांचं निघत असेल, तर कार्डावर काहीतरी चुकलेलं आहे. आशाताईंच्या वहीत बाळंतपणाची नोंद असते, ती बहुतेक वेळा खरी. आधार कार्ड शेवटी, आणि १ जानेवारी दिसली की सावध व्हा, कारण नोंदणीच्या वेळी नुसतं वय सांगितलं की तीच तारीख पडते. पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपमध्ये) तारीख आहे हा पुरावा नव्हे. ती मुळात कशावरून भरली, हे सेविकाताईंना विचारा. त्यांना बहुधा आठवत असतं.

कागदच नसेल तर प्रसंगांची दिनदर्शिका वापरा. ही तालुक्याला एक करून चालत नाही, गावागणिक करावी लागते. आवणीच्या (भातलावणीच्या) आधी की नंतर, भातकापणी चालू होती का, होळीला पोटात होता की कुशीत, डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला किती दिवसांचा होता, असं विचारत जा. बोहाडा हा सोंगांचा उत्सव गावागावात वेगळ्या दिवशी होतो, म्हणून त्याची तारीख त्याच गावात विचारून आधी लिहून ठेवा. तौक्ते वादळ १७ मे २०२१ ला आलं. लोकसभेचं मतदान इथे २० मे २०२४ ला झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबर २०२४ ला. सणांच्या तारखा त्या त्या वर्षाच्याच घ्या. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२३ साली १२ नोव्हेंबरला. २०२३ मध्ये श्रावणही दोन होते. ‘दिवाळी म्हणजे नोव्हेंबर’ असं धरून चाललात तर तिथेच तीन आठवडे गेले. आणि ‘तिसरं लागलं’ म्हणजे दोन पूर्ण झाली, तीन नव्हेत. हे प्रशिक्षणात उदाहरण देऊन सांगा, शहरातून आलेली तरुण मुलं इथे हमखास चुकतात. अंदाजे तारीख लिहिलीत तर ‘अंदाजे’ अशी खूण करा, म्हणजे पुढे अंदाजाची मुलं वगळून निष्कर्ष बदलतो का, हे तपासता येईल.

हे काम मोजणीच्या दिवशी करायचं नाही. पंधरवडाभर आधी सेविका आणि आशा यांच्याबरोबर घरोघरी जाऊन जन्मतारखांची यादी पक्की करा, आणि मगच काटे बाहेर काढा. मोजणीच्या दिवशी रांग लागलेली असते, पोरं रडत असतात, तेव्हा तारीख शोधायला कुणालाच वेळ नसतो, आणि मग वय लिहिलं जातं.

साधनं. काटा डिजिटल हवा, तान्ह्या बाळांसाठी १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आई आणि मूल एकत्र तोलून आईचं वजन वजा करणारा काटा मोठ्या मुलांना चालतो. रोज सकाळी शिक्क्याचं ५ किंवा १० किलोचं वजन ठेवून काटा तपासा आणि आकडा वहीत लिहा. उंची-लांबीच्या फळ्यांसाठी स्टीलच्या टेपने मोजून १०० सेंटिमीटरची काठी करून घ्या आणि तीही रोज लावून बघा. सेलचे जादा जोड. शेणाने सारवलेली जमीन सपाट नसते, म्हणून काट्याखाली घालायला एक जाड फळी. दंडघेराच्या पट्ट्या जास्तीच्या घ्या, ताणल्या जातात.

दोन वर्षांखालचं मूल झोपवून, वरचं उभं करून. झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, त्यामुळे कसं मोजलं ते लिहिलंच पाहिजे. कधीकधी दोन वर्षांचं पोर उभं राहतच नाही, मग झोपवून मोजा, पण तसं लिहा. आणि दोन वर्षं झाली की नाही हे कशावरून ठरवणार? जन्मतारखेवरून. अंदाजाने ‘दोनचा असेल’ म्हणून उभं केलेलं बावीस महिन्यांचं बाळ दुहेरी चूक घेऊन घरी जातं. कपडे कमीत कमी. वाळे, कडी, करदोडा काढायला आई तयार नसेल तर आग्रह नको, फॉर्मवर नोंदवा. आंबाडा किंवा जाड वेणी असेल तर सोडायला सांगा.

मोजणारी माणसं दोन-दोनच्या जोडीने हवीत, एकट्याने लांबी मोजता येत नाही. गावात जाण्याआधी एक दिवस दहाएक मुलांवर सराव घ्या. प्रत्येकाने प्रत्येक मूल दोनदा मोजायचं, पहिला आकडा न बघता. ज्यांचे आकडे स्वतःशीच जुळत नाहीत त्यांना पुन्हा शिकवा, तरी जमलं नाही तर लिहायचं काम द्या. प्रत्यक्ष मोजणीतही दोघांचे स्वतंत्र आकडे घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-अभ्यासात वजनात १०० ग्रॅम, लांबी-उंचीत ७ मिलिमीटर आणि दंडघेरात ५ मिलिमीटर यापेक्षा जास्त फरक आला की पुन्हा मोजत. आपण तेवढं करू शकतो.

मोजणीची जबाबदारी त्याच अंगणवाडीच्या सेविकेवर टाकू नका. प्रश्न विश्वासाचा नाही. कुपोषित मुलं वाढलेली दिसली तर जाब तिलाच विचारला जातो, तीव्र कुपोषित मूल सापडलं की ग्राम बाल विकास केंद्राची (गावातच अशा मुलांना जादा आहार देण्याच्या केंद्राची) धावपळही तिच्याच अंगावर येते, आणि वर आपण तिलाच म्हणायचं की आता निःपक्ष आकडे दे. हे तिच्यावर अन्यायाचं आहे. ती सोबत हवी ती मुलं तिच्या ओळखीची आहेत म्हणून, आणि जन्मतारखा तिला माहीत आहेत म्हणून.

विकासाची (चालणं, बोलणं, समज यांची) मोजमापं याहून अवघड, आणि इथे लोक फार घाई करतात. आधी ठरवा की कोणाबद्दल काय विचारायचं आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांची गावपातळीवरची स्थिती हवी असेल तर युनिसेफची ईसीडीआय २०३० ही वीस प्रश्नांची आईला विचारायची प्रश्नावली आहे. ती एकेका मुलाचं निदान करायला वापरू नका, ती त्यासाठी केलेलीच नाही. लहानग्यांत उशीर आहे का, याची चाळणी करायची असेल तर त्रिवेंद्रम विकास तक्ता साधा आहे, सेविकांनाही जमतो. सखोल तपासणीसाठी भारतीय मुलांवर प्रमाणित केलेली डीएएसआयआय आहे, पण तिला प्रशिक्षित माणूस आणि मुलामागे बराच वेळ लागतो.

कोणतंही साधन घ्या, ते वारली, कोकणा, कातकरी घरांत आधी वापरून बघा. जिना चढतो का, हा प्रश्न जिना नसलेल्या पाड्यावर काय मोजणार? पुस्तकाची पानं उलटतो का, हे पुस्तक घरात नसलेल्या मुलाला विचारून त्याच्या बोटांबद्दल काहीच कळत नाही. प्रश्न प्रमाण मराठीत विचारला आणि मूल गप्प बसलं, तर त्याला भाषा येत नाही असं लिहू नका. घरची बोली बोलणारी गावातलीच मुलगी बरोबर घ्या. मूल भुकेलं, झोपेला आलेलं किंवा तापात असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. आई जवळ बसू द्या.

आणि पुन्हा जन्मतारीख. विकासाचा प्रत्येक तक्ता वयावर उभा आहे. एकटं चालायला लागण्याचा सर्वसाधारण काळ ८.२ ते १७.६ महिने आहे. न चालणारं बाळ १६ महिन्यांचं की १९ महिन्यांचं यावर आईला काय सांगायचं ते ठरतं, तिला धीर द्यायचा की जिल्ह्याच्या तपासणी केंद्रात पाठवायचं ते ठरतं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय तेवढे आठवडे मागे धरायचं असतं, म्हणून कितव्या महिन्यात बाळंतपण झालं तेही त्याच वेळी विचारा. रकाना ठेवा. फॉर्म छापायला देण्याआधी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या: जन्मतारीख आहे? पुराव्याचा रकाना आहे? मोजणीची तारीख आहे? ही शेवटची विसरली तर पहिलीचा उपयोग नाही.

वेळ कोणती निवडायची, तेही आधीच. बेसलाइन आणि एंडलाइन एकाच ऋतूत. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, जुलाब-ताप वाढतात, वजनं घसरतात. ऑगस्टमध्ये बेसलाइन आणि फेब्रुवारीत एंडलाइन घेतली तर कार्यक्रम काही न करताही यशस्वी दिसेल. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. त्या काळात गावात भेटणारी मुलं म्हणजे सगळी मुलं नव्हेत, आणि बरोबर गेलेल्यांची अवस्था अनेकदा जास्त वाईट असते. गैरहजर मुलांची यादी कारणासकट ठेवा, जमेल तर भट्टीवर जाऊन मोजा.

कार्यक्रमात फक्त सर्वांत खालची मुलं घेतली असतील तर त्यांच्यातली काही पुढच्या मोजणीत आपोआप वर येणारच. म्हणून कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या पाड्यांवरची तशीच मुलंही मोजा. वाटलेली पाकिटं आणि भरलेल्या बैठका हे आपलं काम आहे, मुलाची वाढ नव्हे. अहवालात दोन्ही वेगळं लिहा.

मोजताना तीव्र कुपोषित मूल सापडलं, म्हणजे दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, किंवा उंचीनुसार वजन उणे ३ विचलनांच्या खाली, किंवा दोन्ही पावलांवर दाबलं की खळगा पडणारी सूज, तर त्याच दिवशी एएनएमला (उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेला) कळवा आणि मूल उपचारापर्यंत पोचलं का ते बघा. कोणाला फोन करायचा, गाडी कोणाची, हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं. आईची संमती तिच्या भाषेत. तिच्या मुलाचा आकडा रांगेत मोठ्याने वाचू नका.

बाकीचं थोडक्यात. मुलगा की मुलगी लिहा, तक्ते वेगळे आहेत. मुलाला एक क्रमांक, दोन्ही फेऱ्यांत तोच. आकडे रोज संध्याकाळी भरा, महिनाअखेरीस नाही. वयानुसार उंची उणे ६ ते अधिक ६ विचलनांच्या बाहेर गेली तर आधी जन्मतारीख तपासा, मग उंची. जन्मतारखा १, १० आणि १५ वर गोळा झाल्यात का बघा. झाल्या असतील तर परत जा.

राज्याचे आकडे समोर ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची होती. आदिवासी तालुक्यात तुमचा आकडा याच्या निम्म्यावर आला तर आनंद करण्याआधी मोजणी तपासा. गावाला निकाल परत जाऊन सांगा, आयांना बसवून. एंडलाइनची तारीख आत्ताच ठरवून प्रकल्प कार्यालयाला पत्र द्या, कुटुंबं भट्टीवर निघण्याआधीची.