छोट्या उताऱ्यांवर इंग्रजी आकलनाचा सराव कसा करावा

उतारा वाचून झाला, शब्दही जवळपास सगळे ओळखीचे होते, तरी प्रश्नांची उत्तरे चुकली. इंग्रजी शिकणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो, आणि दोष लगेच शब्दसंग्रहावर जातो. खरी गोम पुष्कळदा वेगळीच असते. विषय रोजचा असला की वाचणारा दोन-चार ओळखीचे शब्द पकडतो, मधल्या जागा स्वतःच्या माहितीने भरतो आणि उत्तरही त्याच माहितीवरून देतो. उताऱ्यात काय लिहिले आहे ते बाजूलाच राहते. म्हणून या सरावाचा नियम एकच ठेवावा: प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या नेमक्या वाक्यावर बोट ठेवता आले पाहिजे.

उतारा कोणता घ्यावा

सुरुवातीला 60 ते 100 शब्दांचा उतारा पुरे. सवय झाली की 150 शब्दांपर्यंत जावे. त्याहून मोठा उतारा तीनदा वाचायचा कंटाळा येतो, आणि तीनदा वाचल्याशिवाय या पद्धतीतून काही हाती लागत नाही.

उतारा झेपेल का, हे मोजून ठरवता येते. 100 शब्दांत अजिबात न कळणारे शब्द किती आहेत ते पाहा. दोन-तीन असतील तर उतारा योग्य आहे. पाच असतील तर शब्दकोशाच्या आधाराने चालेल. त्यापेक्षा जास्त असतील तर तो सध्या बाजूला ठेवा, कारण मग आकलनाचा सराव होत नाही, नुसती शब्दांची शोधाशोध होते. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचा सहभाग असलेल्या 2000 सालच्या एका अभ्यासात, कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजायला सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे दिसून आले. म्हणजे 50 शब्दांमागे एक अनोळखी.

शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या साहित्यावर ए1, ए2, बी1 अशा पातळ्या छापलेल्या असतात. कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेने 2001 मध्ये मांडलेल्या भाषा येण्याच्या मोजपट्टीतल्या या पातळ्या आहेत, त्यांत ए1 सर्वांत सोपी. साधी वाक्ये समजतात पण लांब वाक्यात अडखळायला होते, अशांनी ए2 पासून सुरुवात करावी. सिंपल इंग्लिश विकिपीडियावरच्या लेखांचे पहिले परिच्छेदही चांगले उपयोगी पडतात. मात्र ते अनेक हातांनी लिहिलेले असल्यामुळे सगळे सारख्याच सोप्या भाषेत नसतात. आधी मोजून घ्या.

एक आठवडा एकाच विषयावर राहणे फार फायद्याचे ठरते. सोमवारी झाडांवर, मंगळवारी बँकेवर, बुधवारी प्रवासावर असे केले तर रोज नवे शब्द भेटतात आणि एकही पक्का होत नाही. झाडांवरचेच चार उतारे वाचले तर माती, मूळ, पान, पाणी यांचे शब्द प्रत्येक उताऱ्यात परत येतात, वेगळ्या वाक्यांत येतात आणि न पाठ करता लक्षात राहतात. प्रकार मात्र बदलत ठेवावा. सूचना वाचताना अटींवर लक्ष लागते, बातमीत कोण, कुठे, कधी यावर, आणि पत्रात लिहिणाऱ्याला नेमके काय हवे आहे यावर.

नमुन्याचा उतारा

खालचा उतारा जेमतेम 70 शब्दांचा आहे. इथे तो देवनागरीत दिला आहे. आधी तो वहीत इंग्रजी लिपीत लिहून काढा, मग पुढे जा.

‘मेनी हाउस प्लांट्स डाय नॉट बिकॉज दे गेट टू लिटल वॉटर, बट बिकॉज दे गेट टू मच. व्हेन द सॉइल स्टेज वेट, एअर कॅनॉट रीच द रूट्स, अँड दे बिगिन टू रॉट. द लीव्ज देन टर्न यलो अँड ड्रूप, सो द ओनर थिंक्स द प्लांट इज थर्स्टी अँड वॉटर्स इट अगेन. बिफोर यू वॉटर, पुश अ फिंगर टू सेंटिमीटर्स इनटू द सॉइल. अनलेस इट फील्स ड्राय, वेट अनदर डे.’

पहिले वाचन: न थांबता

शब्दकोश बंद, पेन्सिल खाली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाचा. अडला शब्द तर तसाच ओलांडा. मग उतारा झाकून मराठीत एकच वाक्य सांगा: हा उतारा कशाबद्दल आहे आणि त्याबद्दल काय म्हणतो? ‘झाडांबद्दल आहे’ हे अर्धेच उत्तर झाले. ‘घरातली झाडे जास्त पाण्याने मरतात, म्हणून माती तपासून पाणी घालावे’ हे पूर्ण उत्तर.

वेगाची चिंता आत्ता नको. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबर्ट यांनी 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी की, इंग्रजी वाचणारे प्रौढ माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सुमारे 238 शब्दांच्या वेगाने वाचतात. शिकणाऱ्याने मिनिटाला 80 शब्द वाचले तरी सुरुवातीला ठीक आहे. समज वाढली की वेग मागून येतो.

प्रश्न आधी वाचावेत की उतारा? परीक्षेत वेळ कमी असतो, तिथे प्रश्नांवर आधी नजर टाकणे शहाणपणाचे. सरावात मात्र उताराच आधी वाचावा. प्रश्न डोक्यात ठेवून वाचले की डोळे उत्तराचा तुकडा शोधत राहतात, वाक्यांचा आपसातला धागा निसटतो, आणि नेमक्या त्या धाग्यावरचे प्रश्न चुकतात.

दुसरे वाचन: वाक्य उलगडणे

खरे काम इथे आहे, वेळही इथेच जास्त द्यावा. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्यात आधी मुख्य क्रियापदाखाली रेघ मारा, मग ते कोण करते ते शोधा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आपल्याला शेवटापर्यंत थांबायची सवय असते. इंग्रजीत ते कर्त्याला लागूनच येते आणि बाकीचा पसारा नंतर. शेवटून उलटे भाषांतर करत बसलात तर लांब वाक्यात पहिला भाग विसरायला होतो. त्याऐवजी वाक्य तुकड्यातुकड्याने पुढे न्या: ‘व्हेन द सॉइल स्टेज वेट’ हा एक तुकडा, ‘एअर कॅनॉट रीच द रूट्स’ हा दुसरा, ‘अँड दे बिगिन टू रॉट’ हा तिसरा. प्रत्येक तुकड्याचा अर्थ लागला की पुढचा घ्यायचा.

यानंतर सर्वनामे. ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’, ‘दिस’ या प्रत्येकापासून ते ज्याबद्दल आहे त्या शब्दापर्यंत बाण काढा. नमुन्यात ‘दे’ तीनदा आला आहे. पहिल्या वाक्यातले दोन्ही झाडांबद्दल आहेत, दुसऱ्या वाक्यातला मात्र मुळांबद्दल. मराठीत ‘झाडे कुजू लागतात’ आणि ‘मुळे कुजू लागतात’ यांत लिंग एकच, पण ‘मुळे’च्या जागी ‘फांद्या’ आल्या की विशेषणे आणि सर्वनामे बदलतात आणि आपल्याला सुगावा लागतो. इंग्रजीत ‘दे’ सगळ्यांना एकच, त्यामुळे बाण काढल्याशिवाय खात्री होत नाही. शेवटच्या वाक्यातला ‘इट’ही तपासा: ते झाड नाही, माती आहे.

तिसरी गोष्ट, वाक्याचा अर्थ फिरवणारे छोटे शब्द. त्यांना गोल करा. ‘नॉट… बट’ मध्ये पहिले कारण नाकारले आहे आणि दुसरे स्वीकारले आहे. घाईत वाचणारा ‘टू लिटल वॉटर’ एवढेच पकडतो आणि कमी पाण्याने झाडे मरतात असे लिहून मोकळा होतो. ‘अनलेस’मध्ये नकार दडलेला आहे: माती कोरडी लागली नाही, तर आणखी एक दिवस थांबा. ‘हार्डली’ आणि ‘सेल्डम’ यांतही नकार असतो, पण ‘नॉट’ दिसत नाही म्हणून फसायला होते. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत, नुसते ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीतच. एका ‘अ’ने उत्तर उलटे होते.

अडलेले शब्द

शब्दकोश उघडण्याआधी आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधा आणि तो समासात लिहा. ‘ड्रूप’ माहीत नसेल तर विचार असा करायचा: पानांबद्दल आहे, ‘यलो’च्या जोडीला आहे, आणि ते पाहून मालकाला झाड तहानलेले वाटते. म्हणजे पाने मान टाकतात, लोंबतात. आता शब्दकोश पाहून पडताळा घ्या. अंदाज चुकला तरी चालेल. अंदाज बांधून पाहिलेला शब्द जास्त टिकतो.

शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलणे ही नेहमीची चूक. ‘वॉटर’ आपल्याला पाणी म्हणून पाठ असतो, पण ‘बिफोर यू वॉटर’ मध्ये ते क्रियापद आहे: पाणी घालणे. शब्द वाक्यात कोणते काम करतो ते आधी ठरवा, मग त्या प्रकाराखालचे अर्थ वाचा. एका उताऱ्यातून पाचाहून जास्त शब्द वहीत घेऊ नका, आणि प्रत्येक शब्द उताऱ्यातल्या वाक्यासकट लिहा. सुट्या शब्दांच्या लांबच लांब याद्या कोणी परत उघडत नाही.

तिसरे वाचन: प्रश्न सोडवताना

उताऱ्यातल्या वाक्यांना 1, 2, 3 असे क्रमांक द्या. प्रत्येक उत्तरापुढे ज्या वाक्याच्या आधारे ते दिले त्याचा क्रमांक लिहा. क्रमांक लिहिता आला नाही तर उत्तर तुमच्या डोक्यातून आले आहे. नमुन्यावर हे प्रश्न घ्या:

1. मुळे का कुजतात?
2. मालक परत पाणी का घालतो?
3. बोटाला माती कोरडी लागली तर काय करावे?
4. खिडकीजवळच्या झाडांना जास्त पाणी लागते: बरोबर, चूक, की उताऱ्यात सांगितलेले नाही?
5. उताऱ्याला शीर्षक कोणते: ‘पाने पिवळी का पडतात’, ‘घरासाठी झाडे कशी निवडावीत’, की ‘पाणी घालण्याआधी माती तपासा’?

पहिल्याचे उत्तर वाक्य 2 मध्ये सरळ आहे: हवा पोहोचत नाही. दुसऱ्याचे वाक्य 3 मध्ये. तिसऱ्याचे उत्तर कुठेही थेट लिहिलेले नाही, पण वाक्य 4 आणि 5 जोडले की निघते: आता पाणी घाला. अशा प्रश्नाला दोन क्रमांक लागतात. चौथ्यात बरेच जण अडकतात. खिडकीत ऊन असते, माती लवकर वाळते, म्हणून ‘बरोबर’ असे ठोकून देतात. तर्क खरा असेलही, पण उताऱ्यात खिडकीचा शब्द नाही, म्हणून उत्तर ‘सांगितलेले नाही’. ‘चूक’ तेव्हाच म्हणायचे, जेव्हा उतारा त्याच्या उलट काही सांगतो. पाचव्यात पहिले शीर्षक एकाच वाक्यापुरते आहे, दुसरे उताऱ्याबाहेरचे, तिसऱ्यात सगळा उतारा बसतो.

पर्यायांच्या प्रश्नांत उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे वापरलेला पर्याय आधी संशयाने पाहा. शब्द तेच ठेवून अर्थ बदललेला असतो. ‘ऑल’, ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’ असलेले पर्यायही ताडून बघा. उतारा ‘मेनी’ म्हणतो आणि पर्याय ‘ऑल’, तर तो चूक.

इंग्रजीत उत्तर लिहिताना आख्खे वाक्य उतरवू नका, प्रश्नाला लागेल तेवढेच लिहा. प्रश्नात ‘डज’ किंवा ‘डिड’ असेल तर क्रियापदाचे रूप सांभाळा. ‘व्हाय डज द ओनर वॉटर इट अगेन?’ या प्रश्नात क्रियापद मूळ रूपात दिसते, पण उत्तरात ‘ही वॉटर्स इट अगेन बिकॉज ही थिंक्स द प्लांट इज थर्स्टी’ असे यायला हवे. आकलन बरोबर असूनही गुण इथे जातात.

तपासणी आणि चुकांची वही

चुकीवर फुली मारून पुढचा उतारा घेतला तर तीच चूक दहाव्या उताऱ्यातही होते. प्रत्येक चुकीपुढे कारणाचे अक्षर लिहा: श म्हणजे शब्द कळला नाही, व म्हणजे वाक्यरचना, स म्हणजे सर्वनाम, प्र म्हणजे प्रश्नच नीट वाचला नाही, मा म्हणजे स्वतःच्या माहितीवरून लिहिले. दहा उतारे झाले की अक्षरे मोजा. श जास्त असतील तर एक पातळी खाली या. व जास्त असतील तर आठवडाभर नवे उतारे थांबवून जुन्याच उताऱ्यांतली वाक्ये तोडा. मा जास्त असतील तर वाक्यांचे क्रमांक लिहायचे तुम्ही टाळता आहात.

मुलांचा सराव घेताना मोठ्यांनी उतारा मराठीत समजावून सांगू नये. मूल मग तुमचे मराठी ऐकून उत्तर देते. उत्तर बरोबर असो वा चूक, दोन्ही वेळा एकच विचारा: ‘कुठे लिहिलंय, दाखव.’

उतारा बंद करून

शेवटची पायरी पाच मिनिटांची आहे आणि बहुतेक जण ती गाळतात. उतारा झाका आणि आठवेल ते तीन-चार साध्या इंग्रजी वाक्यांत लिहा, मग उघडून काय सुटले ते पाहा. रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे देऊन हेच तपासले होते. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा उतारा परत वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

एका उताऱ्याला साधारण 25 मिनिटे लागतात: पहिल्या वाचनाला 2, दुसऱ्याला 8, शब्दांना 3, प्रश्नांना 7 आणि आठवून लिहायला 5. आठवड्यातून चार दिवस नवा उतारा घ्या आणि पाचव्या दिवशी त्या चारही उताऱ्यांचे शब्द आणि चुका पाहा.

सलग पाच उताऱ्यांत पाचांपैकी चार तरी उत्तरे क्रमांकासकट बरोबर येऊ लागली की पुढे सरका, पण एका वेळी एकच गोष्ट वाढवा. लांबी वाढवली तर विषय ओळखीचा ठेवा. विषय नवा घेतला तर उतारा पुन्हा 80 शब्दांवर आणा. दोन्ही एकदम वाढवले आणि उत्तरे चुकली, तर कशामुळे चुकली ते चुकांच्या वहीतूनही कळत नाही.