रारोटोंगाचं बुकिंग एक दिवसाने चुकलं, ते असं दुरुस्त केलं

ऑकलंडहून कुक आयलंड्समधल्या रारोटोंगाला जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. विमान शनिवारचं म्हणून हॉटेलही शनिवारपासून घेतलं, तिथेच घोळ झाला.

एप्रिल ते सप्टेंबर रारोटोंगा न्यूझीलंडच्या 22 तास मागे असतं. न्यूझीलंडमध्ये उन्हाळी वेळ लागू झाली (घड्याळं एक तास पुढे केली) की 23. शनिवारी सकाळी 9 ला निघालं, साधारण 4 तासांचा प्रवास धरला, तर ऑकलंडच्या घड्याळात दुपारचा 1 वाजतो. त्यातून 22 वजा करा: शुक्रवार, दुपारचे 3. म्हणजे शुक्रवारची रात्र उघड्यावर! हॉटेलला ईमेल करून मुक्काम एक रात्र आधी ओढला.

परतताना उलटं. शनिवारी दुपारी 2 ला निघालात तर ऑकलंडला रविवारी दुपारी 4 वाजता उतराल. तिथली शनिवारची खोली फुकट जाते, तीही रद्द केली.

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिकच असतात, त्यामुळे उतरण्याची तारीख बघूनच हॉटेल घ्यावं. फोनच्या कॅलेंडरवर विसंबू नका. टाइमझोन चुकीचा निवडला की तेही फसवतं. घरी फोन करायचा तर भारत रारोटोंगाच्या साडेपंधरा तास पुढे.

एक अडचण मात्र तारखेची नाही: भारतीय पासपोर्टवर ऑकलंडला नुसतं विमान बदलायलाही सहसा ट्रान्झिट व्हिसा लागतो. रात्री शहरात राहायचं असेल तर व्हिजिटर व्हिसाच हवा. तिकिटाआधी तो काढा.