कार्नेगी हॉलमध्ये गाणाऱ्या शालेय गायकवृंदाची पूर्वतयारी

न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली सुरू झालेल्या कार्नेगी हॉलच्या मंचावर दरवर्षी अमेरिकेतील अनेक हायस्कुलांचे गायकवृंद उभे राहतात. बहुतेकदा ही संधी एकट्या शाळेची नसते. अनेक शाळांच्या एकत्रित वृंदात, पाहुण्या संचालकाच्या हाताखाली आणि वाद्यवृंदाच्या साथीने गायचे असते. एकत्र तालमीला मोजकेच दिवस मिळत असल्याने प्रत्येक शाळेने आपला भाग घरूनच तोंडपाठ करून न्यावा.

तयारीतला मोठा वाटा उच्चारांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे. रचना लॅटिन असेल, तर ‘pacem’ (शांती) हा शब्द इटालियन वळणाने ‘पाचेम’ म्हणायचा की जर्मन वळणाने ‘पात्सेम’, हे पाहुण्या संचालकांना आधीच विचारून घ्यावे, कारण महिनोन्महिने जिभेवर बसलेला उच्चार ऐनवेळी बदलत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा लांबवलेला ‘ए’ शेवटी ‘इ’कडे आणि ‘ओ’ ‘उ’कडे घसरतो, आणि तेवढ्यानेही सूर एकजीव होत नाही. घरी मराठी बोलणाऱ्या मुलामुलींना आपले सरळ ‘ए’ आणि ‘ओ’ इथे फार उपयोगी पडतात. वर्गात नमुना म्हणून त्यांनाच ते गाऊन दाखवायला सांगावे.

मुख्य सभागृहात सुमारे २,८०० आसने आहेत आणि तिथली घुमक आवाजाला ऊब देते, पण शब्दाअखेरची व्यंजने झाकत नाही. शेवटचा ‘स’ प्रत्येकाने आपापल्या वेळी सोडला, तर लांबलचक फुसफुस ऐकू येते. म्हणून तो कोणत्या मात्रेवर तोडायचा, हे प्रत्येकाने आपल्या स्वरलिपीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे आणि ती ओळ आधी न गाता, नुसत्या लयीत बोलून बसवावी.

लांब स्वरांवर शेजाऱ्याबरोबर श्वास घेऊ नये. स्वराच्या मध्येच, तोंडाचा आकार न बदलता श्वास घ्यावा आणि हलक्या आवाजात परत मिसळावे.

वर्गात पियानो जवळ असतो. मंचावर मात्र वृंद वाद्यांच्या मागे उभा असतो, आणि दूरच्या वाद्याचा आवाज कानी येईपर्यंत थांबणारा गायक हमखास मागे पडतो. लय कानाने नव्हे, संचालकाच्या हातावरून पकडायची असते. त्यासाठी शाळेच्या व्यायामशाळेत मुलांना दूरदूर उभे करून, सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास हे उंच ते खालच्या आवाजांचे चार गट एकमेकांत मिसळून काही तालमी घ्याव्यात. आपल्या भागाचा आधार शेजारी नसताना ज्याला सूर सापडत नाही, त्याचा भाग अजून पक्का झालेला नाही असे समजून त्याला वेगळा वेळ द्यावा.

उभे राहण्याचाही सराव हवा. गुडघे ताठ आवळून बराच वेळ उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते, म्हणून ते किंचित सैल ठेवायला शिकवावे, कार्यक्रमाचेच बूट घालून किमान एक पूर्ण तालीम करावी आणि त्या दिवशी कोणालाही उपाशीपोटी मंचावर जाऊ देऊ नये.