कणीस घरी आणलंत? मग या चुका टाळा

जुलैत ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या मंडईत मक्याच्या कणसांचे ढीग लागले की पिशवी भरून आणायचा मोह मलाही होतो. पण घरी येऊन भाजावं तर दाणा कधी कच्चा, कधी चामट, आणि दोष मात्र कणसाला. बहुतेक वेळा चूक आपलीच असते. पहिली चूक तर मंडईतच होते, ती म्हणजे देशी कणीस आणि स्वीट कॉर्न यांना एकच समजणं.

देशी कणसाच्या दाण्यात पिष्ट जास्त, म्हणून ते निखाऱ्यावर खरपूस भाजतं आणि चावायला मजा येते. स्वीट कॉर्नच्या दाण्यात साखर आणि पाणी भरपूर. ते थेट आचेवर धरलं की पाणी निघून जातं, साल आकसते आणि बाहेरून करपतं. उपवनला तलावाकाठी गाडीवर खाल्लेल्या भाजक्या कणसाची चव घरी पिवळ्याधमक स्वीट कॉर्नमधून काढायला जाल, तर निराशाच होईल. देशी भाजा, स्वीट उकडा. माझ्या घरात तरी यात तडजोड नाही.

कणीस निवडताना पानं ओरबाडून बघू नका. दाण्यातला ओलावा तीच पानं राखतात, आणि आपण सोलून टाकून दिलेलं कणीस पुढच्या गिऱ्हाइकासाठी वाळत पडतं. वरूनच अंगठ्याने टोकापर्यंत चाचपा. टोक पोकळ लागलं तर तिथे दाणे भरलेले नाहीत. देठाचा काप ओलसर हवा. केस तपकिरी चालतात, पण काळे पडून कुरकुरीत झालेले नकोत. प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो आणि त्यावर पडलेल्या परागकणाची नळी त्यातूनच आत पोचते. ज्या केसाला पराग मिळाला नाही तिथे दाणा धरत नाही. मधेच दात पडल्यासारखी दिसणारी कणसं असतात ना, ती त्यामुळे. त्यांना कीड लागलेली नसते, बिनधास्त खा.

मीही पूर्वी पिशवी हलकी व्हावी म्हणून सगळी पानं मंडईतच काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी दाणे सुरकुतलेले, गोडवा गेलेला. कणीस तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं पिष्ट होऊ लागतं, आणि उकाड्यात हे फार भराभर घडतं. म्हणून पानांसकट पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि एकदोन दिवसांत संपवा. ओट्यावर टोपलीत कणीस शोभून दिसतं, पण तिथे ठेवू नका.

गॅसवर बाहेरून काळं, आतून कच्चं?

आच मोठी आहे. कणीस जाळीवर ठेवा, आच मध्यम करा आणि ते सतत फिरवत राहा. सासूबाई आतली दोन पानं मागे दुमडून त्यांचीच मूठ करतात. हात भाजत नाही. भाजण्याआधी केस ओल्या फडक्याने टोकाकडून देठाकडे पुसून काढा, नाहीतर तेच आधी पेटतात आणि बर्नरमध्ये राख पडते. दाणे फुटून उडतात, तेव्हा मुलांना जरा लांब बसवा.

उकडलेलं कणीस चामट?

स्वीट कॉर्नला उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं पुरतात. कुकरच्या चार शिट्ट्या त्याला नकोत. बाहेर काढून उघड्यावर ठेवलं की दाण्यांना खळ्या पडतात, म्हणून ताटात वाढेपर्यंत झाकून ठेवा. नखाने टोचल्यावर दुधासारखा चीक आलाच नाही आणि दाणा कडक लागला, तर ते कणीस जून आहे. कितीही उकडलंत तरी ते मऊ व्हायचं नाही. सरळ किसा आणि थालीपिठात घाला, छान लागतं.

मीठ-तिखट लावायचं ते गरम असतानाच. अर्धं लिंबू मीठ-तिखटात बुडवून कणसावर दाबून चोळा. आधी लोणी लावलंत तर लिंबाचा रस वरूनच ओघळून जातो. मला लोणी नकोच वाटतं. हवंच असेल तर शेवटी लावा.

आणि खाताना पुढच्या दातांनी ओरबाडू नका. दाण्याचं टोक दांड्यातच राहतं आणि टरफलं दातांत अडकतात. भाजलेल्या देशी कणसाची एक ओळ सुरीच्या टोकाने काढा. मग शेजारची ओळ अंगठ्याने त्या मोकळ्या जागेकडे ढकला; दाणे मुळासकट सुटून येतात. सासऱ्यांना कवळी आहे, तरी ते असे दाणे सोडवून बशीभर खातात. स्वीट कॉर्नचे दाणे मात्र अंगठ्याखाली फुटतात, म्हणून त्यांच्यासाठी मी ते सुरीने कापून काढते. उरलेले स्वच्छ दांडे वीस मिनिटं पाण्यात उकळते आणि ते गोडसर पाणी गाळून रात्रीच्या सूपला वापरते.