वीजबिल कमी करायचंय? घरातले बदल या क्रमाने करा

महावितरणचं बिल आलं की नजर थेट रकमेवर जाते. आधी वापरलेले युनिट पाहा. घरगुती दर टप्प्यांनी चढतो: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा दर) धरला तर दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट भावाने पडतं, वर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे 340 युनिट जळणाऱ्या घरात 40 वाचवले, तर वाचतात ते सगळ्यांत महागडे 40.

1. गळती तपासा. मेन स्विच चालू ठेवून घरातलं सगळं बंद करा. फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. मग मीटरवरचा लाल दिवा थोडा वेळ पाहत राहा. तरीही तो लुकलुकत असेल, तर वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा. हे झाल्याशिवाय नवीन काही विकत घेऊ नका.

2. पंखे बदला. माझ्या मते खरी बचत इथे आहे, आणि लोक नेमके इथेच चुकतात. एसीची धास्ती सगळ्यांना असते, पंख्याकडे कोणी बघत नाही. हिशेब सोपा आहे: वॅटला तासांनी गुणा, हजाराने भागा, की युनिट मिळाले. साधा छताचा पंखा 75 वॅटचा. रोज 15 तास फिरला तर महिन्याला जवळपास 34 युनिट. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा पूर्ण वेगात 30 वॅटच्या आसपास घेतो. तेवढ्याच तासांत साडेतेरा युनिट. एका पंख्यामागे 20 युनिट वाचले. तीन पंखे बदलले तर 60, आणि तेही बारा महिने. सगळे एकदम घ्यायला नकोत; हॉल आणि झोपायची खोली आधी. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा खुशाल राहू द्या. बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढायला लावा.

चोकवाल्या जुन्या ट्यूब राहिल्या असतील तर त्याच फेरीत 20 वॅटच्या एलईडी पट्ट्या बसवून घ्या.

3. स्लॅब थंड करा, मग एसीचं बघा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर उन्हाळ्याआधी गच्चीला चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. कायमचं काम हवं असेल तर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी. तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो आणि एसी त्याच्याशी झुंजत बसतो. एसी 24 अंशांवर ठेवा. तापमान वाढवलं की एकेका अंशामागे साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. नवा घेताना इन्व्हर्टर एसी घ्या, आणि लेबलावर ताऱ्यांसोबत वर्षाचे युनिट वाचा.

4. गिझर. 2000 वॅटचा गिझर तासाभरात 2 युनिट खातो. आंघोळीआधी लावा, झाली की बंद. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा थर चढतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. वर्षातून एकदा साफ करून घ्या. स्वतःची गच्ची असेल तर सोलर वॉटर हीटर उत्तम.

फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर बदला. नवा फ्रिज आल्यावर जुना 'पाण्याच्या बाटल्यांसाठी' चालू ठेवायची हौस मात्र आवरा.

प्लगमध्ये खोचायचा 'पॉवर सेव्हर' डबा घेऊ नका. त्यात बहुधा कपॅसिटर असतो, आणि घरगुती मीटर मोजतो त्या युनिटांवर त्याचा फरक पडत नाही.

5. छतावरचं सोलर सगळ्यांत शेवटी. वापर आधी उतरवला की लहान संच पुरतो. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला 4 युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान ठरलं. नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर; त्यामुळे उरलेली वीज बिलातून वळती होते, स्थिर आकार मात्र सुटत नाही. जागा ठरवताना टाकीची आणि शेजारच्या नारळाची सावली सकाळी, दुपारी आणि चार वाजता पाहून घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीत विषय काढावा: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायटीलाही याच योजनेतून किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळू शकतात.