पनामाचा झेंडा आणि मालक भलतीकडेच: एफओसी जहाजावर जॉइन होण्याआधी हे बघून घ्या

एफओसी म्हणजे फ्लॅग ऑफ कन्व्हीनियन्स, मालक एका देशाचा आणि सोयीसाठी लावलेला झेंडा दुसऱ्या देशाचा. सगळ्यात आधी, पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड ही नावं ऐकून घाबरू नका. जगातलं चाळीस टक्क्यांहून जास्त टनेज या तीन झेंड्यांखालीच चालतं आणि त्यात नामांकित कंपन्यांची नवीकोरी जहाजं पण आहेत. मालकाला कर कमी पडतो, क्रू कुठल्याही देशाचा घेता येतो, म्हणून तो तिकडे रजिस्टर करतो, आणि खरं सांगायचं तर रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांची चूल त्यामुळेच पेटलीय. घरी कोणी म्हणत असेल की पनामाची बोट म्हणजे फसवणूक, तर तसं नाहीये.

पण झेंडा ज्या देशाचा, तिथे मालक असेलच असं नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. सुएझमध्ये २०२१ च्या मार्चमध्ये अडकलेलं एव्हर गिव्हन आठवतंय ना? मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, टेक्निकल मॅनेजर जर्मन, झेंडा पनामाचा आणि क्रू आपला, सगळे भारतीय. कालव्यातून निघाल्यावरही नुकसानभरपाईच्या भांडणात जहाज जुलैपर्यंत इजिप्तमध्येच धरून ठेवलं होतं. लायबेरियाची रजिस्ट्री अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालते. मंगोलियाला तर समुद्रच नाही तरी त्यांचा झेंडा जहाजांवर आहे, आणि तो कारभार सिंगापुरातून. म्हणजे उद्या पगार थांबला तर नक्की कोणाचं दार वाजवायचं हे तुम्हाला निघायच्या आधीच माहीत पाहिजे, तिकडे गेल्यावर शोधत बसायला ना नेट असतं ना कोण फोन उचलतं.

आता मी ज्यात अडकलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे कोर्समध्ये कोणी शिकवत नाही. पीएसएसआरच्या (सुरक्षा आणि जबाबदाऱ्यांचा बेसिक कोर्स) क्लासमध्ये एमएलसीचं, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, नाव येतं आणि पान उलटतं. मेसरूमच्या नोटिस बोर्डवर एमएलसीची दोन सर्टिफिकेट लावलेली असतात, फायनान्शियल सिक्युरिटीची. एक आजारपण-अपघात-मृत्यूच्या भरपाईचं, दुसरं मालकाने वाऱ्यावर सोडलं तर घरी पोचवण्याचं आणि थकलेल्या पगाराचं. हा नियम जानेवारी २०१७ पासून लागू आहे. दोन महिने पगार दिला नाही किंवा मालकाने संबंधच तोडले की जहाज सोडून दिलं असं धरतात, मग विमा कंपनीने परतीचं तिकीट, जेवणखाण आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार द्यायचा असतो. चार महिने फक्त, त्यापुढचं या विम्यात बसत नाही, हे नीट लक्षात घ्या.

आमचं जहाज मी ऑनबोर्ड असतानाच विकलं गेलं. आधी कोणी काही बोललं नाही, एक दिवस रंगाचे डबे आले आणि बोसनने स्टर्नवर, म्हणजे जहाजाच्या मागच्या बाजूला, माणसं उतरवली. नाव बदललं, खाली मोनरोव्हियाच्या (लायबेरियाची राजधानी) जागी मोरोनी लिहिलं, म्हणजे झेंडा कोमोरोसचा झाला. जुन्या नावाची अक्षरं प्लेटवर वेल्डिंगने उठवलेली होती, ती नव्या रंगाखालून उन्हात सरळ वाचता यायची. मेसमधलं सर्टिफिकेट मात्र तेच राहिलं, जुन्या नावाचं, जुन्या मालकाचं. पुढे पगार थांबला. विमावाल्यांकडून उत्तर आलं की जहाज विकल्यावर कव्हर संपलं. जुनी कंपनी म्हणे जहाज आता आमचं नाही, नवी म्हणे तुमचं काँट्रॅक्ट आमच्याशी नाही. आणि कॅप्टन रोज सांगायचा, पुढच्या पोर्टला पैसे येतायत.

म्हणून चढल्या चढल्या बॅग केबिनमध्ये टाका आणि मेसमध्ये जा. सर्टिफिकेटवरचं जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, मालकाचं नाव आणि शेवटची तारीख, चारही गोष्टी तुमच्या काँट्रॅक्टशी जुळवून बघा आणि फोटो काढा. मधेच नाव किंवा झेंडा बदलला तर त्याच आठवड्यात नवं सर्टिफिकेट आणि नवं काँट्रॅक्ट मागा, लेखी मागा. सात आकडी आयएमओ नंबर जहाजाच्या जन्मापासून भंगारात जाईपर्यंत बदलत नाही, तो पाठ करा. इक्वासिस नावाची साइट फुकट आहे, त्यावर हा नंबर टाकला की रजिस्टर्ड मालक, मॅनेजर, पी अँड आय क्लब (जहाजाचा विमा देणारी संस्था) आणि कुठल्या पोर्टमध्ये कधी डिटेन झालंय सगळं दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे, जॉइनिंगच्या घाईत पोरं तेवढंच करत नाहीत.

घाबरवायचं नाहीये. मालक बदलला तरी बहुतेक देशांच्या कायद्यात पगाराचा दावा जहाजावरच चिकटून राहतो, जहाज अरेस्ट करून लिलावात विकलं तर त्या पैशातून क्रूला मिळतो. आमचे पैसे उशिरा आले, कापून आले, पण आले. फक्त तोवर 'फुल अँड फायनल मिळालं' अशा कोणत्याही कागदावर सही करू नका, तिकिटाचं आमिष दाखवून ती सही घेतात.

एजंटबद्दल माझं मत कडक आहे. जो पैसे मागतो त्याच्या ऑफिसातून उठून या, मग तो बेलापूरच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये बसलेला असो की गावच्या काकांचा मित्र असो. नोकरी लावायचे पैसे सीफेररकडून घेणं एमएलसीतही बंद आहे आणि आपल्याकडेही. एजंटचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या लायसन्सचा नंबर, डीजी शिपिंगच्या (जहाजवाहतुकीचं सरकारी खातं) साइटवर स्वतः तपासा, भिंतीवर फ्रेम करून लावलेला बघून नाही. टुरिस्ट व्हिसावर दुबई किंवा इराणला पाठवून तिथे जॉइन करवतो म्हणाला तर विषय संपला. तसं गेलात तर इथे तुमची नोंदच नसते, मग अडकल्यावर कोणाला धरणार, आणि पुढे सी टाइम (जहाजावर केलेल्या नोकरीचा काळ) दाखवताना वेगळी रडारड. पोरं म्हणतात, दादा पण सहा महिने घरी बसलोय. मला कळतं ते, जीपी रेटिंगच्या (खलाशी होण्याचा कोर्स) फीचं कर्ज माझ्याही डोक्यावर होतं. तरी बसा, घरी बसलेला पोरगा निदान जेवतो तरी.

हे उगाच नाही बोलत. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हिशोबाने २०२४ मध्ये ३१२ जहाजांवर तीन हजारांहून जास्त माणसं सोडून दिली गेली आणि त्यात सगळ्यात जास्त आपले भारतीय.

आणि अडकलातच तर दुसरा पगार चुकला की हलायचं, चार महिने वाट बघायची नाही. अँकरेजवर असाल तर एकट्याने उतरायलाही देत नाहीत, जहाजावर ठरलेली कमीत कमी माणसं ठेवावीच लागतात, म्हणून सगळ्यांनी मिळून तक्रार करा. आयटीएफ इन्स्पेक्टर, इथली युनियन, नुसी असो वा एमयूआय, डीजी शिपिंग आणि त्या देशातली आपली वकिलात, चौघांना एकाच वेळी मेल टाका. पहिल्याच मेलमध्ये जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, जहाज कुठे उभं आहे, माणसं किती, शेवटचा पगार कुठल्या महिन्याचा आणि जेवण, पाणी, डिझेल किती दिवसांचं उरलंय ते लिहा, सोबत काँट्रॅक्ट आणि त्या सर्टिफिकेटचा फोटो जोडा, नाहीतर नुसत्या प्रश्नोत्तरात आठवडा जातो.