सोलापुरात राहून पडद्यासाठी संगीत कसे करावे

आपल्याकडे ‘संगीतकार’ म्हटले की गाण्याला चाल लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि सोलापुरात अशी मंडळी भजनी मंडळापासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत कोठेही भेटतात. चित्रपट, मालिका आणि व्हिडिओ गेम यांना मात्र गाण्यांखेरीज पार्श्वसंगीत लागते. श्रेयनामावलीत त्याची बहुधा वेगळी ओळ असते आणि ते करणारा माणूसही पुष्कळदा वेगळा असतो. हे काम ज्याला पोटापाण्यासाठी करायचे आहे त्याने एक गोष्ट आरंभीच मनाशी बांधून घ्यावी : सुंदर चाल सुचणे हा या कामाचा लहान भाग आहे, आणि दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेत, दुसऱ्याच्या दृश्याखाली, मोजून समेवर येणे हा मोठा. म्हणूनच ज्याने चार वर्षे तबल्याची तालीम घेतली आहे, तो केवळ कीबोर्डवर सूर धरणाऱ्यापेक्षा बराच पुढून सुरुवात करतो, असे माझे मत आहे.

दृश्य मोजणे

दिग्दर्शक आणि संकलक यांच्यासोबत बसून संगीत कोठे सुरू होईल आणि कोठे थांबेल हे ठरवण्याच्या बैठकीला ‘स्पॉटिंग’ म्हणतात आणि संगीताच्या अशा एकेका तुकड्याला ‘क्यू’. या बैठकीत प्रत्येक क्यूचा आरंभ आणि शेवट टाइमकोडसह, म्हणजे चित्रफितीवरच्या नेमक्या वेळेच्या आकड्यांसह, लिहून घ्यावा, आणि दिग्दर्शकाला ‘येथे दुःखी हवे की आनंदी’ असे न विचारता ‘येथे प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त ठाऊक आहे की कमी’ असे विचारावे. या एका उत्तरावरून संगीताने पात्राच्या बाजूने बोलायचे की पात्राला चुकवून प्रेक्षकाला सावध करायचे, हे कळते. जेथे चेहरा आणि संवाद पुरेसे आहेत तेथे ‘येथे काही नको’ असे सुचवायलाही कचरू नये. नवखा संगीतकार हमखास चुकतो तो येथेच, कारण शांततेचे पैसे मिळत नाहीत अशी त्याची समजूत असते.

मोजमाप कसे चालते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, ४८ सेकंदांच्या प्रसंगात एक म्हातारी सोप्यात बसून वाट पाहत आहे आणि १९.२ व्या सेकंदाला दार उघडते. मिनिटाला १०० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ०.६ सेकंदाची होते, १९.२ सेकंदांत बरोबर ३२ मात्रा बसतात, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तने पूर्ण होऊन तिसऱ्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, दार उघडण्यावर पडते. दोन दिवसांनी संकलक दारापूर्वीचा एक सेकंद कापतो. आता १८.२ सेकंदांत ३२ मात्रा बसवायच्या तर लय १०५.५ वर जाते आणि शांत बसलेली म्हातारी घाईत असल्यासारखी वाटू लागते. त्याऐवजी दोन मात्रा गाळून ३० ठेवल्या तर लय ९८.९ वर येते, हा फरक कानाला जाणवत नाही. फक्त दुसरे आवर्तन १६ ऐवजी १४ मात्रांत मिटवावे लागते, आणि ते कसे करावे हे तबलजीला शिकवावे लागत नाही.

काम हाती घेताना चित्राच्या सेकंदाला किती चौकटी (फ्रेम) आहेत हे लेखी विचारून घ्यावे. चित्रपट साधारणपणे २४ चौकटींचा असतो, आपल्याकडील दूरचित्रवाणी २५ चौकटींची. माझ्या पहिल्या लघुपटाच्या वेळी मी २४ च्या हिशेबाने सर्व संगीत बांधले, आणि अखेरची फाइल निघताना त्याच चौकटी २५ च्या वेगाने चालवल्या गेल्या. चार मिनिटांचा प्रसंग ९.६ सेकंदांनी आखूड झाला, आणि माझी शेवटची सम नायिका निघून गेल्यावर, रिकाम्या अंगणात पडली. चूक संकलन करणाऱ्याची होती, परंतु विचारले नव्हते मी.

खोली आणि साहित्य

साहित्याची यादी लहान आहे : १६ जीबी मेमरीचा संगणक, माइकचा आवाज संगणकात घेणारा दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस, ४९ किंवा ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, बंद पाठीचे हेडफोन आणि एक कंडेन्सर माइक. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसाठी रीपर पुरेसे आहे. ते ६० दिवस वापरून पाहता येते आणि त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो. त्यातील सत्राची, म्हणजे प्रत्येक कामाच्या फाइलीची, मांडणी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट अशी ठेवावी, कारण चित्रासोबतच्या ध्वनीचा तोच प्रघात आहे.

खोलीच्या बाबतीत सोलापूरकराजवळ एक घरचे साधन आहे. येथील जाड चादर भिंतीला चिकटवून न लावता चार-पाच इंच अंतर सोडून लाकडी चौकटीवर दुहेरी टांगली, तर टाळी वाजवल्यावर भिंतींमधून येणारी खणखण बरीच कमी होते. मात्र कापड फक्त वरचे आणि मधले स्वर शोषते. खर्जाचा घुमारा कोपऱ्यात साचतो, आणि त्यासाठी खनिज लोकरीचे किमान चार इंच जाडीचे पॅनेल कोपऱ्यांतच उभे करावे लागतात. पूर्व भागात ज्यांचे घर यंत्रमागांना लागून आहे त्यांची अडचण याहून वेगळी असते, कारण मागाचा धडधडाट हवेतून येण्याआधी फरशीतून आणि माइकच्या स्टँडमधून येतो. स्टँडखाली जाड रबर घालावे आणि शेजारच्या मागांची पाळी कधी सुटते ते विचारून ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पंखा बंद केल्याशिवाय ध्वनिमुद्रण होत नाही, तेव्हा वादकाला पहाटे बोलावणे हाच सभ्यपणा.

बाजारात मिळणाऱ्या तयार ध्वनिसंचांत व्हायोलिनचे ताफे हवे तेवढे आहेत, परंतु हलगी आणि संबळ यांचे चांगले नमुने दुर्मीळ आहेत. गड्ड्याच्या यात्रेच्या आणि तुळजापूर-पंढरपूरच्या परिसरात ही वाद्ये वाजवणारी हयात माणसे आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत, हा मुंबईच्या संगीतकाराला नसलेला लाभ आहे. मुद्रण करताना प्रत्येक आघात हलका, मध्यम आणि जोरकस अशा तीन वजनांत आणि प्रत्येक वजन पाच-सहा वेळा घ्यावे, म्हणजे तोच आघात पुन्हा पुन्हा वाजल्याचा यांत्रिकपणा येत नाही. हलगी शेकून चढवलेली असते आणि थंड होताना तिचा स्वर उतरतो. यासाठी मुद्रण लहान तुकड्यांत करावे आणि दर वेळी पुन्हा शेकायला वेळ द्यावा. वादकाला बिदागी द्यावीच, शिवाय हे नमुने पुढील कामांत वापरले जातील याची त्याची लेखी संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी, मग ती मराठी असो, कानडी असो वा तेलुगू.

मालिका

दैनंदिन मालिकेत प्रत्येक भागासाठी नवे संगीत करायला वेळ नसतो. आरंभीच मुख्य पात्रांच्या धून निरनिराळ्या भावांत आणि १० सेकंद, ३० सेकंद, एक मिनिट अशा लांबीत करून एक साठा तयार केला जातो आणि पुढे त्यातूनच भाग भरले जातात. काम वेगाचे आणि शिस्तीचे आहे. फाइलींची नावे नीट ठेवणारा माणूस येथे टिकतो.

गेम

गेमचे संगीत सरळ रेषेत चालत नाही, कारण खेळाडू पुढच्या दालनात कधी जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. चार मात्रांची १६ आवर्तने १०० च्या लयीत ३८.४ सेकंदांत संपतात. खेळाडू एकाच ठिकाणी २० मिनिटे अडकला तर तो तेच संगीत ३१ वेळा ऐकतो. म्हणून येथे लक्षात राहणारी ठसठशीत धून अपायकारक ठरू शकते, आणि लग्नाच्या बँडमध्ये वाढलेल्या कानाला हे पचवणे जड जाते. तुकडा थरांत बांधावा : तळाशी सूर आणि खर्ज, त्यावर ताल, त्यावर धून, सर्व एकाच लांबीचे. शत्रू जवळ आला की ताल आत येतो, झुंज सुरू झाली की धून येते, आणि संगीत मध्येच तुटत नाही. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणे समेवरच व्हावे, असे संगीत आणि गेम यांना जोडणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरमध्ये ठरवून देता येते. वाइज आणि एफमॉड ही त्यांतली प्रचलित दोन असून शिकण्यासाठी दोन्ही विनामूल्य वापरता येतात.

पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा एमपी३ मध्ये कधीही देऊ नये, कारण त्या स्वरूपात आरंभी किंचित शांतता जोडली जाते आणि प्रत्येक फेरीला ठेच लागते. वेव्ह किंवा ऑग द्यावे. शेवटच्या स्वराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कापली जाऊ नये म्हणून ती तुकड्याच्या आरंभावर मिसळून द्यावी. सरावासाठी गेम जॅमइतकी चांगली शाळा नाही. जगभर दर जानेवारीत भरणारा ग्लोबल गेम जॅम २००९ पासून सुरू आहे, आणि अशा ठिकाणी दोन-तीन दिवसांत गेम बनवणाऱ्या चमूंना संगीतकार बहुधा हवाच असतो.

काम सोपवणे आणि करार

नमुन्यादाखल सुटी गाणी पाठवू नयेत. परवानगीने घेतलेल्या विद्यार्थी-लघुपटांतील दोन-तीन प्रसंग संगीतासह दाखवावेत, एकूण तीन मिनिटांच्या आत. काम सोपवताना ताल, खर्ज, सूर, धून असे स्टेम, म्हणजे संगीताचे सुटे थर, वेगळे द्यावेत आणि सर्वांचा आरंभ एकाच टाइमकोडला असावा, म्हणजे मिश्रण करणारा अभियंता संवादाखाली फक्त धून उतरवू शकतो.

करार कितीही लहान कामाचा असो, लेखी असावा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर वापराच्या मानधनातील संगीतकाराचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही, मग कागदावर काहीही लिहिलेले असो. हक्कांच्या हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणून या दोन ओळी आधी वाचाव्यात. गेमचे करार बहुतेक एकरकमी असतात, तेव्हा तेथे रक्कम ठरवतानाच पुढील आवृत्त्या आणि जाहिराती यांचा विचार करावा. संगीतकार आणि गीतकारांचे मानधन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचे सभासद व्हावे आणि प्रत्येक कामाची नोंद करावी. त्यासाठी क्यू शीट लागते : क्यूचे नाव, संगीतकाराचे नाव, कालावधी आणि दृश्यातील वापर. ती निर्मात्याच्या कार्यालयात कोणी भरेल या भरवशावर राहू नये. स्वतः तयार करून, अखेरच्या हप्त्याच्या बिलासोबतच पाठवावी.